चौदा वर्षांत सहाशे वीस तास: जुने विमान घ्यावे का?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): "कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे मशीन शॉप आहे आणि शिरोलीला एक छोटी फाउंड्री. वय ५१. काही वर्षांपूर्वी खाजगी वैमानिकाचा परवाना काढला, पण उडायला बाहेरगावच्या क्लबात जावे लागते. आता मध्य भारतातील एका गृहस्थांचे १९७५ सालचे सेसना १७२ एम विकाऊ आहे. मालक म्हणतात, विमानाची निगा उत्तम राखली आहे. इंजिनाच्या ओव्हरहॉलला (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीला) १४ वर्षे झाली, पण ते त्यानंतर फक्त ६२० तास चालले आहे. गेल्या चार वर्षांत ते ३५ तासच उडाले, मात्र मालक दर महिन्याला न चुकता जमिनीवर इंजिन सुरू करतात. रंग आणि आसने नवी आहेत, एआरसी (विमान उडण्यायोग्य असल्याच्या तपासणीचे प्रमाणपत्र) अजून आठ महिने वैध आहे. सुरुवातीची बरीच वर्षे विमान किनारपट्टीवरील एका क्लबात होते आणि १९८३ ते १९८७ या काळातील एअरफ्रेमची, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची, लॉगबुके सापडत नाहीत. मी स्वतः जुनी विलीस जीप पूर्ण उभी केली आहे, बुश, पिन, ब्रॅकेट माझ्याच लेथवर होतील. छत्रपतींची मेबॅक मोटार आजही दसऱ्याला दिमाखात बाहेर येते, मग पन्नास वर्षांचे विमान का चालू नये? पत्नी आणि दोन मुलांना घेऊन गोव्याला, रत्नागिरीला जावे, असे मनात आहे. एक मित्र म्हणतो, अमेरिकेत याहून स्वस्त मिळेल. काय करावे?"

स. न. वि. वि.

आपल्या पत्रात दोन गोष्टी आहेत: एक विमान आणि एक इच्छा. इच्छेविषयी मला काहीच शंका नाही. पन्नाशीच्या आसपास परवाना काढून आपल्या गावाहून उडता यावे म्हणून धडपडणाऱ्या माणसाला मागे खेचण्यासाठी मी हे सदर लिहीत नाही. विमानाविषयी मात्र स्पष्ट सांगतो. आज हाती असलेल्या माहितीवर आणि मालक सांगत असलेल्या किमतीला हे विमान घेऊ नये. ते कायमचे नाकारण्याचेही कारण अद्याप दिसत नाही. मधल्या वाटेवर काही तपासण्या आहेत, त्या झाल्याशिवाय बयाणा म्हणून एक रुपयाही देऊ नये.

विमानाचे वय ही आपली अडचण नाही, हे आधी मान्य करू. सेसना १७२ हे विमान १९५६ पासून बाजारात आले आणि त्याची ४० हजारांहून अधिक विमाने आजवर तयार झाली. १९८६ ते १९९६ या काळात त्याचे उत्पादनच बंद होते, त्यामुळे जगभरच्या क्लबांमध्ये आजही सत्तरच्या दशकातील विमाने रोज विद्यार्थ्यांना घेऊन उडतात. आपण पाहिलेल्या एम मॉडेलमध्ये लायकॉमिंगचे १५० अश्वशक्तीचे ओ-३२० ई२डी इंजिन असते आणि ते या कंपनीच्या विश्वासू इंजिनांपैकी एक मानले जाते. १९७७ सालच्या पुढच्या मॉडेलमध्ये याच घराण्यातले १६० अश्वशक्तीचे जे इंजिन बसवले गेले, त्याच्या कॅमशाफ्ट आणि टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा आणि त्यावर टेकणारे ठोकळे यांच्या) झिजेच्या तक्रारींनी मालकांना पुढे बराच त्रास दिला. म्हणजे १९७५ चे विमान निवडण्यात आपली काही चूक नाही. मित्राच्या अमेरिकेच्या सूचनेत मात्र वेळ दवडू नये. जुन्या विमानांच्या आयातीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची वयोमर्यादा आहे आणि पन्नास वर्षांचे विमान सामान्यतः तिच्यात बसत नाही. ज्याची 'व्हीटी', म्हणजे भारतीय, नोंदणी आधीपासून आहे, असेच विमान आपल्यासाठी योग्य.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ओव्हरहॉलनंतर फक्त ६२० तास, ही गोष्ट मालकांनी जमेची म्हणून सांगितली आणि आपणही ती तशीच उतरवली आहे. मला पत्रातील सर्वांत चिंतेची गोष्ट हीच वाटते. लायकॉमिंगने या इंजिनासाठी ओव्हरहॉलची मुदत २,००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी सांगितली आहे. तासांच्या हिशेबाने इंजिन तरुण आहे, वर्षांच्या हिशेबाने त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली आहे. बारा वर्षांची ही अट या विमानाच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये नेमकी कशी लिहिली आहे, हे विमानाची देखरेख करणाऱ्या कॅमो संस्थेकडून लेखी मागून घ्यावे. तोंडी उत्तर स्वीकारू नये.

मुदत काय सांगते याहून, आत काय घडते हे आपल्यासारख्या यंत्र जाणणाऱ्या माणसाला अधिक पटेल. लायकॉमिंगच्या या आडव्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असते. इंजिन थांबले की तेल खाली निथळते आणि काही दिवसांत कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यांवर, तेलाचा जेमतेम थर उरतो. पेट्रोल जळताना जी वाफ तयार होते, तिचा काही भाग पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरतो आणि तेथेच पाणी होऊन राहतो. वापरलेल्या तेलातील आम्ले त्यात मिसळतात. विमान तासभर उडाले तर तेल पुरेसे तापते आणि हे पाणी उडून जाते. उडाले नाही तर ते कॅम आणि टॅपेटच्या कठीण केलेल्या पृष्ठभागावर गंजाचे बारीक खड्डे पाडते. पुढच्या वेळी इंजिन सुरू झाले की ते खड्डेच खरवडू लागतात, पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात आणि ते कण तेलात फिरू लागतात.

म्हणूनच दर महिन्याला न चुकता जमिनीवर इंजिन सुरू करण्याच्या सवयीने माझी काळजी कमी न होता वाढली आहे. मालकांचा हेतू प्रामाणिक आहे, त्याविषयी मला शंका नाही. परंतु जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवले की आत नवे पाणी तयार होते आणि तेल इतके तापत नाही की ते पाणी बाहेर पडावे. अशा चार वर्षांच्या काळजीपेक्षा संरक्षक तेल भरून, तोंडे बंद करून, ओलावा शोषणारे प्लग लावून इंजिन निजवून ठेवले असते तर ते अधिक सुरक्षित राहिले असते. मेबॅकचे उदाहरण येथे लागू पडत नाही, याचे कारणही हेच. वर्षातून एकदा मिरवणुकीच्या वेगाने चालणाऱ्या गाडीच्या इंजिनाकडून पूर्ण शक्तीची अपेक्षा कोणी करत नाही. विमानाचे इंजिन प्रत्येक उड्डाणाच्या पहिल्याच मिनिटाला पूर्ण थ्रॉटलवर असते आणि त्याच मिनिटाला ते थांबले तर वैमानिकाच्या हाती उंची नसते.

तेव्हा मालकांना पहिली विनंती अशी करावी: माझ्या खर्चाने एक, आणि शक्य असल्यास दोन सिलिंडर काढून कॅमशाफ्टचे लोब आणि टॅपेटचे जे भाग दिसतील ते पाहू द्यावेत. या इंजिनाचे टॅपेट छत्रीच्या आकाराचे असतात आणि क्रँककेस दोन भागांत उघडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. म्हणजे दोष आढळला तर अर्धवट दुरुस्तीचा मार्गच उरत नाही, पूर्ण इंजिन उघडावे लागते. त्याबरोबर तेलाचा फिल्टर कापून, आणि फिल्टर नसून जाळी असेल तर ती काढून, धातूचे कण शोधावेत. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, परंतु केवळ एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नये. मागील नमुन्यांचे अहवाल असतील तर त्यांत लोखंडाचे प्रमाण वाढत गेले आहे काय, हे पाहण्यात खरा अर्थ आहे. बोअरस्कोप, म्हणजे आत पाहण्याची बारीक दुर्बीण, घालून सिलिंडरच्या भिंतीवरील गंज आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा रंग पाहावा.

कॉम्प्रेशनची तपासणी ८० पौंड दाबावर करतात. ७० च्या वर आकडा आला तर समाधान मानतात आणि ६० च्या खाली आला तर सिलिंडरविषयी गंभीरपणे विचार करतात. विकणारे लोक हे आकडे अभिमानाने दाखवतात आणि ते खरेही असतात. परंतु कॉम्प्रेशन पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्हविषयी सांगते, कॅमशाफ्टविषयी एक शब्दही सांगत नाही. चारही सिलिंडरचे आकडे ७६ असलेल्या इंजिनाचा कॅम खाऊन गेलेला असू शकतो.

पहिल्या भेटीला जाताना मालकांना आधीच कळवावे की इंजिन सुरू करून ठेवू नये. आपल्यासमोर थंड इंजिन कसे सुरू होते, ते पाहण्यासारखे असते. मॅग्नेटोच्या (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या यंत्राच्या) तपासणीत १,७०० आरपीएमवर कोणत्याही एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा अधिक घट येऊ नये आणि दोहोंतील फरक ५० पेक्षा अधिक असू नये. हे आकडे विमानाच्या हँडबुकातच आहेत आणि आपण ते शिकताना पाठ केले असतील.

आता आपल्या लेथविषयी. हा परिच्छेद लिहिताना मला संकोच वाटतो, कारण उद्यमनगरातील कारागिरीविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे. इंजिनाचा कोणताही भाग नमुना पाहून हुबेहूब उतरवणारे हात या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण केलेला बुश मूळ बुशापेक्षा मापाला सरस निघेल, हेही मी नाकारत नाही. तरीही तो या विमानात बसवता येणार नाही आणि ही केवळ सरकारी अडवणूक नाही. आपल्या फाउंड्रीत मोठ्या ग्राहकाचे कास्टिंग पाठवताना प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा, क्रमांक, स्पेक्ट्रोचा (धातूतील घटकांचा) अहवाल आणि टेस्ट बारचा (नमुना-कांडीचा) निकाल सोबत जातो. कास्टिंग कितीही देखणे असले तरी हीट क्रमांक जुळला नाही तर ते परत येते, कारण आतल्या धातूची साक्ष देणारा तेवढा एकच पुरावा असतो. विमानाच्या सुट्या भागांची व्यवस्था नेमकी याच तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक भागाबरोबर अधिकृत संस्थेचे रिलीज सर्टिफिकेट येते. तो कोणत्या धातूचा आहे, कोणत्या उष्णताप्रक्रियेतून गेला, कोणी तपासला, याचा माग त्या कागदावरून निर्मात्यापर्यंत काढता येतो. बोल्ट बाजारातील बोल्टसारखाच दिसतो, परंतु कंपनाखाली किती लाख आवर्तने टिकेल हे डोळ्यांना दिसत नाही. जीप उभी करताना आपला निर्णय अंतिम होता. येथे तो परवानाधारक अभियंत्याचा असेल, आणि पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठीचा योग्य परवाना असलेलाच अभियंता त्यावर सही करू शकेल.

यातूनच एक व्यावहारिक सूचना निघते. विमान पाहायला जाण्यापूर्वी असा अभियंता शोधावा, जो कोल्हापुरात येऊन या विमानाची देखरेख करण्यास तयार आहे. जेट विमानांच्या काळात पिस्टन इंजिनावर हात बसलेले अभियंते मोजके उरले आहेत. तो मिळाला नाही तर उत्तम विमानही प्रत्येक तपासणीसाठी परगावी उडवत न्यावे लागेल, आणि ते उडण्यायोग्य नसेल तेव्हा तेही करता येणार नाही.

याच अभियंत्याकडून खरेदीपूर्व तपासणी करून घ्यावी. सध्या विमान ज्यांच्या देखरेखीखाली आहे, त्यांच्याकडून ती करू नये. त्यांच्या प्रामाणिकपणावर हा आक्षेप नाही, माणसाला स्वतःचे जुने काम तटस्थपणे तपासणे जड जाते, एवढेच. एआरसी आठ महिने वैध असल्याचे आपण लिहिले आहे. त्याचा अर्थ, तपासणीच्या दिवशी विमान नियमांच्या किमान चौकटीत होते, एवढाच आहे. पुढील दोन वर्षांत त्यावर किती खर्च करावा लागेल, हे सांगणे एआरसीचे काम नाही. खरेदीपूर्व तपासणीचे ते काम आहे.

लॉगबुकांतील १९८३ ते १९८७ ही पोकळी किरकोळ मानू नये. एअरफ्रेम, इंजिन आणि प्रोपेलर यांच्या नोंदवह्या वेगवेगळ्या असतात आणि त्यांच्याशिवाय विमानाचे एकूण तास सिद्ध होत नाहीत. तास सिद्ध झाले नाहीत तर तासांवर आधारलेल्या तपासण्यांची गणना डळमळते. निर्मात्या देशाने आणि आपल्या महासंचालनालयाने काढलेल्या एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हची, म्हणजे सक्तीच्या सुरक्षा-आदेशांची, पूर्तता क्रमवार दाखवणारी यादी मागावी. वारंवार करायच्या तपासण्या आता नव्याने करता येतील. परंतु त्या चार वर्षांत विमान नाकावर आदळले होते काय, हे कागद सांगणार नाहीत, ते विमानालाच विचारावे लागेल. नाकचाकावर जोरात उतरलेल्या सेसनाच्या फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधील पडद्याच्या) खालच्या भागाला सुरकुती पडते. काउल, म्हणजे इंजिनावरचे आवरण, काढून तेथे पाहावे. रिव्हेटांच्या ओळीत काही रिव्हेट वेगळ्या जातीचे किंवा नव्या चमकीचे आहेत काय, दोन पंखांच्या पत्र्याचे जोड सारखे आहेत काय, हेही पाहावे. प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता असा उल्लेख कोठेही आढळला, तर त्यानंतर इंजिन उघडून तपासल्याची नोंद आहे याची खात्री करावी.

नव्या रंगाने आपण प्रसन्न झाला आहात. मला त्याविषयी दोन प्रश्न विचारायचे आहेत. रंग देताना एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर, म्हणजे विमान वळवणारे हलते पृष्ठभाग, काढून रंगवल्यानंतर त्यांचा तोल पुन्हा मोजला होता काय? या पृष्ठभागांवर रंगाचे दोन-तीन जादा थर चढले तर तोल मागे सरकतो आणि वेग वाढल्यावर ते फडफडू लागण्याचा धोका निर्माण होतो. ही फडफड क्षणांत पृष्ठभाग उखडू शकते. दुसरा प्रश्न, रंगानंतर विमानाचे वजन पुन्हा केले होते काय? दोन्ही नोंदी लॉगबुकात असल्या पाहिजेत. नसतील तर ज्याने रंग दिला त्याने दिसण्याकडे लक्ष दिले आणि उडण्याकडे दिले नाही, असे मी मानेन.

रंगाखाली आणखी काय आहे, हा किनारपट्टीवरील वर्षांमुळे पडलेला प्रश्न आहे. त्या काळात सेसनाच्या आतील पत्र्याला गंजरोधक प्रायमर सरसकट देत नसत, ती जादा पैसे देऊन घ्यायची सोय होती. विमानाचा पत्रा अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, त्यामुळे खाऱ्या हवेने आत पांढरी भुकटी धरली की फार काही गमावायला उरत नाही. पंखाखालील सर्व तपासणी-झाकणे उघडून, आरसा आणि विजेरी घेऊन, पंखाच्या कण्यापर्यंत, म्हणजे स्पारपर्यंत, पाहावे. स्ट्रट, म्हणजे पंखाचे तिरपे आधारदांडे, जेथे पंखाला आणि खाली शरीराला जोडतात त्या जागा, दरवाज्याखालील भाग आणि आसनांच्या गालिच्याखालचा तळ येथे विशेष वेळ द्यावा. जुन्या सेसनांसाठी कंपनीने नंतर काढलेल्या पूरक तपासणी-दस्तऐवजांमध्ये याच जागा सांगितल्या आहेत. त्या तपासण्या या विमानावर झाल्या असतील तर किंमत थोडी अधिक द्यायलाही हरकत नाही.

गालिचा उचलाल तेव्हा वासही घ्यावा. बंद पडून राहिलेल्या विमानात उंदीर घर करतात आणि त्यांच्या मूत्राने अॅल्युमिनियम वेगाने खाल्ले जाते. आपल्याकडे ऊस तुटला की फडातले उंदीर जवळच्या शेडकडे धावतात, हे आपणास सांगायला नको. विमान कोल्हापुरात आल्यावरही हा बंदोबस्त करावा लागेल. तसाच कुंभारीण माशीचा. पिटो नळी आणि पंखाखालील टाकीचा व्हेंट, म्हणजे हवेची नळी, ही तिची मातीचे घर बांधण्याची आवडती ठिकाणे आहेत. व्हेंट बुजला की इंजिनाला पेट्रोल मिळणे थांबू शकते, आणि पिटो बुजली की वेग दाखवणारा काटा खोटे बोलू लागतो.

नव्या आसनांवर बसून पाहण्याआधी त्यांच्या खालचे रूळ पाहावेत. सेसनाच्या आसनांच्या रुळांची भोके झिजली की उड्डाणाच्या वेळी वैमानिकाचे आसन अचानक मागे सरकते आणि हात नकळत स्टिअरिंग मागे ओढतो. अशा अपघातांनंतर १९८७ साली अमेरिकेने या रुळांच्या वारंवार तपासणीची सक्ती केली. नवे कव्हर चढवणाऱ्याने रूळही बदलले असतील, असे गृहीत धरू नये. या एका गोष्टीसाठी मी विमान तेथल्या तेथे जमिनीवर उभे करायला सांगेन.

इंधनाचा विषय खरेदीनंतर आठवतो, तो आधी आठवावा. या इंजिनात १०० एलएल अॅव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, वापरतात आणि तासाला तीसहून अधिक लिटर खर्च होते. इंडियन ऑइलने २०२२ पासून वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत ते तयार करायला सुरुवात केल्यामुळे आयातीवरचे अवलंबित्व कमी झाले आहे. परंतु मोठ्या विमानांना लागणारे एटीएफ जेथे मिळते तेथे अॅव्हगॅस मिळेलच असे नाही, अनेकदा ते पिंपांतून मागवावे लागते आणि साठवण्याची परवानगी वेगळी लागते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर आपल्या विमानासाठी ही सोय कशी होईल, हे लेखी ठरवून घ्यावे. रस्त्यावरच्या पंपावरील पेट्रोल मात्र या विमानात कधीही, तात्पुरतेही, घालू नये. त्यात इथेनॉल मिसळलेले असते, ते पाणी ओढून घेते आणि जुन्या इंधनव्यवस्थेतील रबरी सील खराब करते. आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना इथेनॉलने मोठा आधार दिला आहे, हे मी जाणतो, पण या विमानासाठी ते मंजूर नाही.

हँगरविषयी माझे मत अगदी ठाम आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे विमान उघड्यावर राहणार असेल तर ते आणूच नये. चार महिने पंखावर पाणी साचत राहिले की टाकीच्या झाकणांच्या जुन्या रबरातून ते आत झिरपते, उपकरणांच्या मागे ओल धरते आणि आतापर्यंत टिकलेला पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत खराब होतो. विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात आहे, तेव्हा पार्किंग, हँगरची जागा आणि आत ये-जा करण्याचे पास यांविषयी आधी त्यांच्याकडे अर्ज करावा. जागा मिळणार नसेल तर विमान देशावरच्या कोरड्या हवेतील एखाद्या प्रशिक्षण-धावपट्टीवर ठेवून आपण तेथे जावे. त्याने गैरसोय होईल, पण विमान राहील.

आता गोवा आणि रत्नागिरी. चार आसने आहेत म्हणजे चार माणसे सामानासह जातील, असा हिशेब धरू नये. या विमानाचे कमाल वजन १,०४३ किलो आहे. पन्नास वर्षांत चढलेल्या उपकरणांसह रिकामे विमान साधारण ६४० किलोच्या आसपास भरते आणि टाक्या भरल्या की आणखी सुमारे १०० किलो जातात. उरलेल्या ३०० किलोंत प्रत्येकी ७५ किलोची चार माणसे बसतील, पण बॅग बसणार नाही. मुले लहान असतील तर आज जमेल, ती वाढतील तसे पेट्रोल कमी करावे लागेल. शिवाय कोल्हापूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर आहे. मे महिन्याच्या दुपारी ३८ अंश तापमानाला तेथील हवा इंजिनाला आणि पंखांना ५,००० फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. १५० अश्वशक्तींपैकी सुमारे १५ टक्के शक्ती तेथेच कमी होते. धावपट्टी लांब असल्याने उड्डाण होईल, पण चढण्याचा वेग मंदावेल, आणि गोव्याच्या वाटेवर आंबोलीच्या बाजूला सह्याद्रीचे माथे आहेत. उन्हाळ्यात ही उड्डाणे सकाळी लवकर करावीत. प्रत्येक वेळी फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणविषयक परवानगी लागतेच, तेव्हा सकाळी निघायचे असेल तर ती तयारी आदल्या दिवशीच सुरू करावी.

व्यवहाराविषयी माझा सल्ला असा आहे. इंजिन उघडून स्वच्छ निघाले, तरी किंमत ठरवताना ते ओव्हरहॉलला आलेले आहे असेच धरावे, कारण दोन-चार वर्षांत तो खर्च आपल्यालाच येणार आहे. मालक ६२० तासांचे इंजिन म्हणून दाम मागत आहेत, आपण १४ वर्षांचे इंजिन म्हणून द्यावेत. खरेदीनंतर पहिल्या वर्षात दोष निघतातच, त्यासाठी किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवता येत नसेल तर दोन विश्वासू भागीदार घ्यावेत. भागीदारीचा आणखी एक लाभ आहे: तीन माणसे उडवतात तेव्हा विमान उभे राहत नाही. आपण एकटे वर्षाला ५० तासांहून कमी उडणार असाल, तर हे इंजिन आपल्याकडेही पुन्हा त्याच अवस्थेला जाईल, आणि मग क्लबाचे विमान भाड्याने घेणेच रास्त ठरेल.

करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. सिलिंडर काढून पाहण्याचा आणि परत बसवण्याचा खर्च आपला, परंतु कॅम खराब निघाला तर व्यवहार आपल्यावर बंधनकारक नाही. विमानावर कोणत्याही बँकेचा बोजा नाही, याचा लेखी दाखला. आणि मालकी हस्तांतराची नोंद महासंचालनालयाकडे होईपर्यंत उर्वरित रक्कम आपल्याच हातात. विम्याचा प्रस्ताव याच सुमारास मागवावा, कारण त्या विशिष्ट प्रकारच्या विमानावर वैमानिकाचे किती तास झाले आहेत, हे विमा कंपन्या विचारतात. पहिले काही तास प्रशिक्षकाला शेजारी बसवून उडावे लागतील, हे गृहीत धरावे.

मालकांनी सिलिंडर काढायला नकार दिला, तर त्यांच्याशी वाद न घालता आभार मानून परत यावे. होकार दिला, तर इंजिनाच्या लॉगबुकातील गेल्या चार वर्षांची पाने, ओव्हरहॉलची नोंद आणि अभियंत्याने काढलेली कॅमची छायाचित्रे या सदराकडे पाठवावीत. ती पाहून किमतीविषयी मी आपणास नेमके सांगू शकेन.